मज्जा म्हणजे कणा नव्हे

आपल्या मराठीत 'मज्जा' हा शब्द मोठा फसवा आहे. पोरे सुट्टीत करतात ती एक मज्जा. ती खरे तर फारसीतून आलेली मजा, पोरांनी लाडाने जोर देऊन म्हटलेली. दुसरी मज्जातंतू आणि मज्जारज्जूमधली, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या, संवेदना वाहणाऱ्या दोरांची. आता पुस्तकांत मेरुरज्जू लिहितात, पण माझ्या पिढीच्या तोंडी मज्जारज्जूच बसला आहे. आणि तिसरी अस्थिमज्जा, हाडांच्या पोकळीतला मऊ गर. या दुसऱ्या आणि तिसऱ्या मज्जेचा एकमेकींशी काही संबंध नाही. एकीचे काम निरोप पोचवण्याचे, दुसरीचे रक्त तयार करण्याचे. शब्द मात्र एकच.

मी आधी लातूरला आणि नंतर नांदेडला मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञान हा माझा विषय नव्हे. पण शब्दांच्या घोळातून माणसे जिवाच्या गोष्टी कशा चुकीच्या ठरवतात हे जवळून पाहिले, तेव्हा या तिसऱ्या मज्जेचा इतिहास शोधून वाचावासा वाटला. तो इतका रंगतदार निघाला की सांगितल्यावाचून राहवत नाही.

आयुर्वेदात सात धातू सांगितले आहेत: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. एकापासून पुढचा तयार होतो अशी ती कल्पना. त्यात रक्त दुसरे आणि मज्जा सहावी, म्हणजे रक्त आधी आणि मज्जा मागाहून. आणि मज्जेच्या लगेच पुढे शुक्र. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात 'मज्जा काढली की पोरगा निकामी होतो' ही जी धास्ती असते, तिला या शेजाराचाही हातभार लागला असावा, असा माझा आपला तर्क. असो.

रक्त हाडांत तयार होते हे युरोपातही फार उशिरा कळले. १८६८ साली जर्मनीत अर्न्स्ट नॉयमन आणि इटलीत जूलिओ बिझोझेरो या दोघांनी, वेगवेगळे काम करून, हाडांतल्या लाल गरात रक्तपेशी जन्म घेतात हे दाखवले. तोपर्यंत कुणी यकृताला श्रेय देत होते, कुणी प्लीहेला. आज आपल्याला ठाऊक आहे की मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. एक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका तर जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणजे हा कारखाना रात्रंदिवस चालतो, त्याला दिवाळीची सुद्धा सुट्टी नाही! आणि तो चालतो मुख्यतः कमरेच्या हाडात, छातीच्या हाडात, फासळ्यांत आणि मणक्यांच्या हाडांत. मणक्यांच्या हाडांत, हे लक्षात घ्या; त्यांच्या आतून जाणाऱ्या दोरात नव्हे.

पण या लोकांकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. लक्ष वेधले ते अणुबाँबने. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीत जे भाजले नाहीत, चिरडले नाहीत, त्यांतले कित्येक दोन-चार आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त येऊन, ताप येऊन मेले. किरणांनी त्यांची मज्जा जाळून टाकली होती. मग अमेरिकेत उंदरांवर प्रयोग सुरू झाले. उंदराला मरेल इतके किरण द्यायचे, पण त्याची प्लीहा शिशाने झाकून ठेवायची, तर तो जगतो असे १९४९ मध्ये लिऑन जेकबसन यांना दिसले. १९५१ मध्ये लोरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेही जगले. माणसे मारण्याच्या विद्येतून माणसे वाचवण्याची विद्या निघाली. इतिहासात असे पुष्कळ वेळा झाले आहे, तरी प्रत्येक वेळी वाचताना कसेसेच होते.

आता प्रश्न असा की, त्या मज्जेत असे काय असते? याचे उत्तर कॅनडात टोरांटोला मिळाले. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ, अर्नेस्ट मॅक्‌कुलॉक हे डॉक्टर. एका रविवारी मॅक्‌कुलॉक प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी मज्जा टोचलेल्या उंदरांच्या प्लीहा तपासल्या, तर त्यांवर बारीक बारीक गाठी! जितक्या पेशी जास्त टोचल्या, तितक्या गाठी जास्त. दुसरा कुणी असता तर 'गाठी आल्या' म्हणून वहीत टीप करून घरी गेला असता. यांनी हिशेब मांडला आणि १९६१ मध्ये छापले की बहुधा एकेक गाठ एकेका पेशीपासून उगवली आहे. दोन वर्षांनी, त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू बेकर यांच्यासह, त्यांनी ते पक्के सिद्ध केले. त्या एका पेशीतून तांबड्या, पांढऱ्या, सगळ्याच जातींच्या रक्तपेशी निघतात, आणि शिवाय ती स्वतःसारख्या पेशीही निर्माण करते. हीच रक्ताची मूळपेशी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ते बियाणे आहे: त्यातून पीकही येते आणि पुढच्या हंगामाचे बियाणेही राखले जाते. मज्जेत अशा पेशी फार थोड्या असतात, हजारोंत एखादी.

हे शास्त्र झाले. उपचाराची कथा त्याच्या समांतर चालली होती आणि ती दुःखाची आहे. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिल्याचे लिहिले. सहाही जण पुढे दगावले. १९५८ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळ विंचा येथे अणुभट्टीत अपघात झाला. किरण लागलेल्या सहा जणांना पॅरिसला नेले. तिथे जॉर्ज माते यांनी त्यांतल्या पाच जणांना मज्जा दिली. देणारे फ्रेंच नागरिक होते. ना नात्याचे, ना देशाचे, ना भाषेचे! पाचांतले चार जण वाचले. ते मज्जेमुळेच वाचले का, यावर जाणकारांत वाद झाला; बहुतेकांच्या मते परकी मज्जा थोडे दिवस टिकली आणि तेवढ्यात त्यांची स्वतःची पुन्हा उभी राहिली. पण माणसाच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून ती गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे निव्वळ अपयशाची. जगभरात सुमारे दोनशे जणांवर हा उपचार झाला आणि जवळजवळ सगळे गेले. कारण हळूहळू कळले. इतर अवयवांच्या बाबतीत शरीर परक्या अवयवाला हाकलते. इथे उलटेही होते: पाहुणी आलेली मज्जाच यजमानाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला चढवते. पाहुण्याने घर बळकावावे तसे. ते टाळायचे तर दोघांच्या पेशींवरच्या खुणा जुळायला हव्यात. या खुणा, ज्यांना 'एचएलए' म्हणतात, फ्रान्सच्या जाँ डॉसे यांनी १९५८ मध्ये पहिल्यांदा ओळखल्या. त्या आईकडून अर्ध्या आणि बापाकडून अर्ध्या येतात, म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. पत्रिकेतल्या ३६ गुणांसारखे १८ वर भागवता येत नाही!

बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. ते कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले, नंतर सिअ‍ॅटलला गेले. त्यांच्या पत्नी डॉटी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत राबल्या. १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांनी मिनेसोटात जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा देऊन वाचवले, तेव्हा पहिला उजेड दिसला. १९७७ मध्ये थॉमस यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांचा हिशेब छापला. इतर सगळे उपाय संपलेले हे रुग्ण. त्यांतले १३ जिवंत होते. शंभरातले तेरा! परीक्षेत हे नापासच. पण ज्या आजारात पूर्वी शून्य मिळत होते, तिथे हे तेरा म्हणजे केवढी मजल! १९९० साली थॉमस यांना नोबेल मिळाले.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची मुळे रक्ताच्या कर्करोगाशीच जोडलेली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली परदेशी उपचार घेत असताना रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. टाटांसारख्या धनाढ्य माणसाला जगात कुठेही त्यावर औषध मिळाले नाही. दोराबजींनी पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी १९३२ मध्ये निधी ठेवला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्तांनी परळला रुग्णालय उभारले, ते २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाले. तेव्हा आमचे नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते.

याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी दाखल झाले. जन्म १९४७ चा, कराचीचा. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि तेव्हापासून चाकाची खुर्ची. वैद्यकीय शिक्षणाला त्यांना आधी प्रवेश नाकारण्यात आला होता. कारण काय, तर अपंग मुलगा डॉक्टर कसा होणार? त्यांनी पिच्छा पुरवला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते एमबीबीएस आणि एमडी झाले. मी शिक्षक म्हणून जन्मभर प्रवेशाचे अर्ज हाताळले. असे 'कसा होणार' म्हणून परत गेलेले किती असतील, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसतो.

अडवाणी सिअ‍ॅटलला जाऊन थॉमस यांच्याकडे ही विद्या शिकले, आणि परत आले. ही दुसरी क्रिया मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात त्यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. कॅलेंडर काढून पाहिले, तर तोही रविवार निघतो. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, रक्ताच्या कर्करोगाची. मज्जा दिली तिच्या भावाने. त्या वर्षीचे आम्हाला आठवते ते कपिलदेवचे विश्वचषक जिंकणे. त्याआधी तीन महिने परळला हे घडले होते, पण आम्हा शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा झाल्याचे स्मरत नाही. रक्ताचा कर्करोग म्हणजे आमच्या लेखी 'अँखियों के झरोखों से' सिनेमातली नायिका: सुंदर गाणी आणि शेवटी मरण. अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. टाटाचा हा विभाग पुढे खारघरला हलला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून हे काम सुरू झाले.

हा उपचार केवळ कर्करोगाचा नाही, आणि आमच्या भागाशी त्याचा संबंध येतो तो इथे. थॅलेसेमिया या आजारात तांबड्या पेशी नीट बनतच नाहीत. मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातले साचलेले लोह काढायला रोज औषध. डिसेंबर १९८१ मध्ये सिअ‍ॅटलला थॉमस यांनी आणि इटलीत पेझारोला लुकारेल्ली यांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने थॅलेसेमियाच्या मुलांना मज्जा दिली. खराब बियाणे काढून चांगले पेरायचे, इतके ते साधे. आमच्या किनवट-माहूरकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे, त्यावरही मुळापासून इलाज म्हणून हा मार्ग आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तरच मूल आजारी होते. मराठवाड्यात मामाची मुलगी करायची चाल अजून आहे. आत्याच्या घरी पोरगी दिली की नांदायला सोपी, असे म्हणतात. ती सोपी जाते खरी, पण घराण्यात लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र यायची वाटही तिथूनच सोपी होते. लग्नाआधी रक्ताची एक तपासणी केली की कळते. आमच्याकडे ती सुचवली तर मुलीकडचे लोक अजून अपमान मानतात.

आमच्या गल्लीत एक कुटुंब आहे. नावगाव सांगत नाही. धाकट्या पोराला थॅलेसेमिया, थोरला ठणठणीत. थोरल्याच्या खुणा धाकट्याशी पूर्ण जुळल्या. असे भावंड मिळणे किती दुर्मीळ ते पाहा: खुणा जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि त्याला स्वतःला हा आजार नसण्याची चारांत तीन, दोन्ही मिळून सोळांत तीन. नशीबच म्हणायचे. पैशांचीही बरीचशी सोय झाली. कोल इंडिया ही सरकारी कंपनी २०१७ पासून थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत देते. वयाच्या, उत्पन्नाच्या अटी आहेत, रुग्णालये ठरलेली आहेत. सगळे जमले आणि आजी आडवी पडली. "एक तर गेल्यातच जमा हाय, दुसऱ्याच्या कण्याला सुई लावू देणार नाही." घरात कुणी तरी 'मज्जा' हा शब्द सांगितला होता आणि तिने तो मज्जारज्जूतला ऐकला होता. सून रडायची, लेक गप्प. असे पाच महिने गेले. पाच महिने म्हणजे पोराला आणखी सहा-सात वेळा रक्त, आणि यकृतात आणखी लोह.

पोराच्या वडिलांनी मला समजवायला बोलावले. मी मूळपेशी, एचएलए वगैरे काही बोललो नाही. विचारले, "आजी, मटणाची नळी खाता ना?" त्या म्हणाल्या, "खाते की." मी म्हटले, "नळीतला जो गर तुम्ही ओढून खाता, तीच ही मज्जा. कमरेच्या मागच्या हाडातून, पोराला गुंगी देऊन, सुईने काढतात. कण्याला हात लावत नाहीत." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नळीतलं व्हय? मग हे कण्याचं कशाला सांगायलेत?" आणि पुढे विचारले, "भरून येतं का ते?" मी सांगितले, रक्तदानाचे भरून येते तसे, काही आठवड्यांत. (नळीतला गर बहुतेक चरबीचा असतो, खरे कारखाने कमरेच्या हाडात, ही पुस्ती मी गाळली. शिक्षकाने कुठे थांबावे हे ठाऊक हवे.)

थोरला दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होता, कंबर दुखते म्हणून दोन दिवस कुरकुरला. धाकट्याचे मात्र कठीण. आधी तीव्र औषधांनी त्याची सगळी मज्जा मारली. मग भावाची मज्जा रक्ताच्या पिशवीसारखी शिरेतून दिली. शस्त्रक्रिया नाही, टाका नाही. शिरेतून गेलेल्या त्या पेशी आपले घर म्हणजे हाडे आपणच शोधतात. ती रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे मुलाला काचेआड ठेवावे लागते, कारण साधी सर्दीसुद्धा जीव घेऊ शकते. आईबाप सहा महिने मुंबईत राहिले, पहिले काही दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. नांदेडहून रात्रीच्या गाडीने आजी शेवया आणि कुरड्या पाठवायच्या. पोराला त्या चालत नव्हत्या, आईबाप खायचे. आता दीड वर्ष झाले, रक्त चढवावे लागलेले नाही. गंमत म्हणजे पोराचा रक्तगट बी होता, तो आता थोरल्यासारखा ओ झाला आहे! मज्जेसाठी रक्तगट जुळायची गरज नसते आणि मज्जा बदलली की गटही बदलतो. शाळेच्या दाखल्यावर जुनाच गट आहे, तो कसा बदलायचा हे विचारायला त्याचे वडील माझ्याकडे आले होते.

ज्यांना असे भावंड नाही त्यांचे काय? एक-दोन मुलांची घरे आता खेड्यातही झाली, ते चांगलेच झाले, पण त्यामुळे जुळणारा भाऊ किंवा बहीण मिळणेही कमी झाले. आता आईबापाची अर्धी जुळणारी मज्जा देऊनही उपचार करता येतो, धोका थोडा अधिक असतो. बाळ जन्मताच नाळेतले रक्त साठवून ठेवा म्हणून दलाल प्रसूतिगृहात फिरतात, त्यांच्यापासून सावध राहावे. थॅलेसेमियाच्या बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींत तोच दोष असतो, त्या त्याला काय कामाच्या? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही.

उरतो तो परका दाता. त्यासाठी नोंदवह्या आहेत. 'दात्री' ही त्यांतली एक, २००९ पासूनची. आपल्याकडे जातीबाहेर लग्ने फारशी होत नाहीत, म्हणून खुणाही बहुधा आपापल्या समाजात जुळतात. परदेशातल्या नोंदवहीत कोट्यवधी गोरे दाते असले तरी मराठवाड्यातल्या मराठा, वंजारी, बौद्ध किंवा लिंगायत मुलाला त्यांतून जुळणारा मिळणे अवघड. तो इथल्याच माणसांनी नाव नोंदवले तर मिळणार. आणि आता बहुतेक परक्या दात्यांच्या हाडाला सुई लावावीही लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात, आणि बिंबिका देतात तशा हातातून यंत्राने काढून घेतात.

माझे वय नोंदणीचे राहिलेले नाही, ती साधारण पन्नाशीच्या आतल्यांसाठी असते. लातूरला शिकवणीसाठी राहणारा माझा नातू गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाला. त्याने गालाच्या आतून कापसाच्या काड्या फिरवल्या, पाकिटात घातल्या आणि पाठवून दिल्या. त्याला अजून कुणाचा फोन आलेला नाही. बहुतेकांना तो कधीच येत नाही, असे तो म्हणतो. तरी फोन नंबर बदलला की तिकडे कळवायचे, हे त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.